वारं लागलंय, दुसरं काही नाही

...आणि वर म्हणतात, लोकरीचं बनियन घाल! जुलैमध्ये! तुम्हाला सांगतो, या आमच्या चाचाक गावात माणसाचा पाय मोडला तरी लोक आधी विचारतात, खिडकी उघडी होती का? इकडच्या खिडकीतून तिकडच्या दारात आरपार जाणारं वारं, बस्स, सगळे रोग त्यातूनच. दात दुखतोय? वारं लागलंय. तोंड वाकडं झालं? वारं लागलंय. बायको सोडून गेली? बसली असेल उघड्या खिडकीत!

आता माझं ऐका. मी ब्लागोये, चार नंबरची बस चालवतो, एकवीस वर्षं झाली. पुलापलीकडच्या थांब्यावर सकाळी सहा दहाला विटोमिर चढायचा. शाळेपासूनचा दोस्त, माझ्या लग्नातला साक्षीदार, माझ्या पोरीचा धर्मपिता. चढला की मूठभर सूर्यफुलाच्या बिया माझ्या हातावर ओतायचा नि म्हणायचा, 'हाक रे गाढवा, उशीर झालाय!' आता उशीर कुणामुळे व्हायचा? त्याच्याचमुळे की! मार्चमध्ये गेला. कामाला जायचा त्या कारखान्याच्या फाटकात कोसळला, झालं. आणि मी काय करतो, तर थांब्यावर चिटपाखरू नसलं तरी बस थांबवतो नि दार उघडतो. हात आपोआप जातो हो!

मग सुरू होतं डोळ्यांचं. बारा उतारू, मागे हॉर्नचा कल्ला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देतोय... पहिल्या बाकावरची मिलुंकाआजी खेकसते, 'ड्रायव्हर, दार लावा आधी! वारं लागलंय तुम्हाला, डोळे बघा कसे वाहतायत!' मागून कुणीतरी, 'कानात कापूस घाला कापूस!' सगळी बस डॉक्टर! एकानं तरी विचारावं ना, बाबा रे, का रडतोस? छे!

घरी बायकोला सांगायला गेलो. म्हटलं, 'देसांका, मला ना, विटोमिरची फार...' 'गप्प बस, बोलू नकोस! घसा बसलाय बघ, वारं लागलंय!' की लगेच मानेला दारूचा फडका. आमची घरची, आलुबुखाराची, पहिल्या धारेची! जी पोटात जायची ती मानेवर! शेवटी डेपोच्या साहेबानं डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाई भली. म्हणाली, 'ब्लागोये, मनाला कसं वाटतंय?' आता मला सांगा, चोपन्न वर्षांत हे कुणी विचारलंय का मला? म्हटलं, 'मनाला... जरा वारं लागलंय.' मीच म्हटलं हो, मी! ती हसली नाही. म्हणाली, 'कुणाशी तरी बोला.'

कुणाशी बोलू? ज्याच्याशी बोलायचो तोच गेला ना!

रविवारी बाप आला. एक्क्याऐंशी वर्षांचा, आयुष्यभर माझ्याशी बोलला ते पाऊसपाणी नि बटाटे यांवर. आल्या आल्या सवयीनं स्वयंपाकघराची खिडकी लावली, बसला. देसांका घरामागे टोमॅटो तोडत होती. म्हातारा म्हणतो, 'अजून उघडतोस त्या थांब्यावर दार? मिलुंका सांगत होती.' मी म्हटलं, 'हो.' म्हातारा उठला. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं खिडकी उघडली... आणि समोरचं दारही!

'बाबा! अहो, वारं!'

'येऊ दे. तुझी आई गेली तेव्हा मलाही लागलं होतं. चार वर्षं. रोज सकाळी कॉफी दोघांची करायचो. तिची ओतून द्यायचो मग.'

'मला कधी बोलला नाहीत ते?'

'तू कधी विचारलंस?'

नाहीच विचारलं. मी त्याला तेव्हा मफलर नेऊन दिला होता! मग काय, बसलो दोघं त्या वाऱ्यात, आणि रडलो हो, पोटभर रडलो. विटोमिरचं सगळं सांगितलं, बियांपासून फाटकापर्यंत. तेवढ्यात टोपली घेऊन देसांका दारात, 'अगं आई गं! आरपार वारं! मरायचंय का दोघांना?' म्हाताऱ्यानं नाक पुसलं नि म्हणाला, 'बघ ना सूनबाई, लागलंच की गं!'

आता दर रविवारी येतो. खिडकी उघडतो, दार उघडतो, तासभर बसतो आम्ही. छातीवरचं ओझं उतरतं, खोटं नाही सांगत. पण सोमवारी सकाळी... काय सांगू तुम्हाला... दोघांच्याही माना खरंच आखडलेल्या असतात!