माहूरचा दोरा

साखराबाई: ती पट्टी आधी पिशवीत घाल, मग बस.

मालविका: घातली. ही बघा, चेनसुद्धा लावली. आता बसू?

साखराबाई: बस की. शाळा काय माझ्या बापाची हाय? जन्मात शाळेची पायरी चढले न्हाई, आन आता पूर ओसरून तीन हप्ते झाले तरी मी तिसरीच्या वर्गातच.

मालविका: घरातला चिखल निघाला का?

साखराबाई: एक खोली झाली. भिंत अजून ओली हाय. पोरं रोज खिडकीतून विचारून राहिलीत, आजी वर्ग कधी सोडता. म्हणलं, पास झाले की सोडते.

मालविका: मी मालविका. परवा ओळख राहून गेली.

साखराबाई: म्हाईत हाय. पोरांचे दंड मापत फिरणारी. लाल, पिवळं, हिरवं. नीलाबाईच्या नातीला पिवळं निघालं तर नीलाबाई दोन दिवस जेवली न्हाई.

मालविका: मी नातीला जास्त जेवू घालायला सांगितलं होतं. नीलाबाईंनी उपास कशाला धरला?

साखराबाई: बोलायला पक्की हायस. कुठली तू?

मालविका: लातूरची.

साखराबाई: लातूरची? आगगाडीनं आणलेलं पाणी पिलेली माणसं तुम्ही. आन आम्हाला पाण्यातून काढायला आलीस?

मालविका: पाण्यातलं मला काही कळत नाही, मावशी. पूर येऊ दे, भूकंप होऊ दे, कुठं लढाई पेटू दे. माणसं घर सोडून अशी शाळेत नाहीतर तंबूत राहायला लागली, की तिथल्या लहान लेकरांच्या पोटात काय जातं ते बघायचं. पंधरा वर्षं झाली, तेवढंच काम करते.

साखराबाई: मग बघ की. या शाळेत चाळीस लेकरं हायत.

मालविका: एकोणचाळीस बघून झाली. तुमच्या आदिनाथच्या नावापुढं दोनदा एकच लिहिलंय, झोपलाय म्हणून.

साखराबाई: झोपलेलाच होता.

मालविका: आत्ताही झोपलाय?

शिल्पा: जागा हाय.

साखराबाई: तुला विचारलं का गं? ही माझी सून, शिल्पा. कवा बोलावं ते कळत न्हाई तिला. जागा असला तरी माझा नातू गुणाचा हाय बाई. बाकीची लेकरं रडून शाळा डोक्यावर घेत्यात. हा हूं न्हाई का चूं न्हाई.

मालविका: किती महिन्यांचा झाला?

शिल्पा: अकरा.

मालविका: पुराच्या आधीपण असाच शांत होता?

साखराबाई: आधी? आधी गल्ली गोळा करायचा. माझ्या ताटात भाकरी दिसली की रांगत यायचा, काठ धरून ताट ओढायचा. दोनदा वरण सांडलं माझ्या लुगड्यावर.

मालविका: आणि आता? भाकरी दिसली की येतो?

शिल्पा: न्हाई येत.

साखराबाई: जागा बदलली की लेकरू बावरतं. चहात बिस्कीट बुडवून देते की मी त्याला. लोकांनी पुडेच्या पुडे आणून दिलेत. घेतो दोन घास. आईचं दूध आटलं, मग माणसानं करावं काय?

शिल्पा: आटलं न्हाई, आत्या. तोच ओढत न्हाई आता. तोंड लावतो आन तसाच पडून राहतो.

मालविका: हगवण झाली होती?

शिल्पा: आठ दिवस होती. थांबली. पण तेव्हापासून असाच हाय.

मालविका: मावशी, एक सांगू? जे लेकरू रडतं त्याची मला फिकीर कमी असते. ते मागतंय, भांडतंय. जे मागायचं सोडतं, त्याच्यासाठी मी तिसऱ्यांदा येऊन बसते. एकदा फक्त दंड बघू द्या.

साखराबाई: माप न्हाई घ्यायचं म्हणलं ना.

मालविका: नजर लागते म्हणून?

साखराबाई: मला अडाणी समजू नको. तीट मी लावते, मीठ-मिरच्या बी ओवाळते. पण नजरेला भिऊन न्हाई नको म्हणत. मी माप घेणाऱ्या माणसांना भिते.

मालविका: आमच्यासारख्यांना?

साखराबाई: तुमच्यासारख्यांनाच. किल्लारीचं म्हाईत हाय का तुला?

मालविका: भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. किती दिवस आम्ही लातुरात अंगणात झोपायचो.

साखराबाई: माझं माहेर त्या अंगाला. सिंधु माझी थोरली, वर्साची होती. गणपतीसाठी तिला घेऊन माहेरी गेले. घर बसलं, पण आम्ही दोघी जित्या निघालो. लोक म्हणायचे, नशीबवान हाय साखरा. पत्र्याच्या शेडात राहायला दिलं. मग एक दिवस गाडी आली. कुठल्या होत्या म्हाईत न्हाई, पण तुझ्यासारख्याच बाया, अशाच पिशव्या. माझं लेकरू काट्याला टांगलं, बाजारात शेंगा जोखत्यात तसं. दोघींनी एकमेकीकडं बघितलं. एका कागदावर आकडा लिहिला, माझ्या हातात दिला आन म्हणल्या, उद्या येतो.

मालविका: आल्या नाहीत?

साखराबाई: रोज रस्त्याकडं बघत बसायची मी. गाडीचा आवाज आला की लेकराला पुसून तयार ठेवायची. नवव्या दिवशी सिंधु गेली.

शिल्पा: आत्या, हे मला कधीच सांगितलं न्हाई तुम्ही.

साखराबाई: सांगून काय करायचं? कागद तेवढा ट्रंकेत ठेवला होता. मला वाचता येत न्हाई, आन दुसऱ्या कुणाला वाचायला दिला न्हाई. यंदा ट्रंकच गेली पाण्यात. तवा तू मला सांग, पोरी, आन खरं सांग. तू उद्या इथं हायस का?

मालविका: नाही. उद्या सकाळी पुढच्या गावाला जायचं ठरलंय.

साखराबाई: बघ. मापायचं आन निघायचं.

मालविका: त्या बाया का आल्या नाहीत, मला माहीत नाही. पण मीही एकदा गेले नव्हते, तेवढं सांगू शकते.

साखराबाई: तू?

मालविका: दूर देशात, एका छावणीत. चहूकडं वाळू आणि तंबू. एका बाईच्या कडेवर मुलगी होती, याच्याएवढीच. पट्टी लाल आली. मी तिला चिठ्ठी लिहून दिली, दवाखान्याचा तंबू हातानं दाखवला आणि म्हटलं, उद्या भेटते. दुसऱ्या दिवशी आम्हाला दुसरीकडं पाठवलं. चार दिवसांनी परत गेले, तर त्या तंबूत दुसरंच कुटुंब. ती दवाखान्यापर्यंत पोचली की नाही, कुणाला सांगता येईना. विचारायचं तर नाव पाहिजे. माझ्या वहीत नाव नव्हतं, नुसता आकडा होता.

साखराबाई: मग?

मालविका: मग काही नाही. आजपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून लाल आलं की मी चिठ्ठी देत नाही. सोबत जाते.

साखराबाई: आन पुढचं गाव?

मालविका: माझ्याबरोबरचे दोघे जातील. त्यांना सवय आहे. मागून मला शिव्या देतात.

साखराबाई: बोलणं गोड हाय तुझं. पण त्या बायांचं बी गोडच होतं. पट्टी नको.

मालविका: बरं. पट्टी राहू दे पिशवीतच. त्याच्या दंडात ते काय बांधलंय?

साखराबाई: माहूरचा दोरा हाय. रेणुकामाईचा. तो काढा म्हणशील तर आत्ताच ऊठ.

मालविका: काढा कशाला म्हणेन? माझ्या आईनं परदेशी जाताना माझ्या मनगटाला बांधला होता. कधी बांधलात?

साखराबाई: चैत्रात. पाच महिन्यांचा होता. शिल्पा, तुला आठवतं का? दंड कसे होते त्याचे, नुसते लोण्याचे गोळे. गडावर चढताना वाटंतल्या बाया गाल ओढायच्या. बोट जाईल इतका सैल ठेवला आन गाठ मारली.

मालविका: एकच गाठ?

साखराबाई: एकच.

मालविका: मला इथून तीन दिसतात.

साखराबाई: मग? सैल पडला तर आवळायचा न्हाई? पार कोपरावर घसरून यायचा. पडला असता कुठं.

मालविका: कधी आवळलात?

साखराबाई: इथं आल्यावर एकदा.

शिल्पा: आन एकदा परवा. मी दंड धरला होता, आत्यांनी गाठ मारली.

मालविका: सैल कशानं पडला असेल, मावशी?

साखराबाई: भिजून. पुरात भिजला, रोज आंघोळीला भिजतो.

मालविका: सुती आहे ना दोरा?

साखराबाई: सुतीच. तिथं नायलॉनचे बी मिळत्यात, पण मी घेत न्हाई.

मालविका: सुती कापड पहिल्यांदा भिजलं की काय होतं?

साखराबाई: हे काय इचारणं झालं? तिसरीच्या वर्गात बसलीस म्हणून गुरुजी झालीस का? आटतं. नवी चोळी एकदा धुतली की अंगात जाताना जीव जातो.

मालविका: म्हणजे दोरा भिजला की...

साखराबाई: थांब.

(साखराबाई नातवाच्या आंगड्याची बाही वर सारते. दोऱ्यावरून बोट फिरवते.)

साखराबाई: दोरा सैल पडला न्हाई.

मालविका: नाही.

साखराबाई: चैत्रापासून लेकरू वाढायला पाहिजे होतं. दोरा रुतायला पाहिजे होता.

मालविका: हो.

साखराबाई: आन मी आवळून राहिले. दोनदा. ह्याच हातानं.

शिल्पा: आत्या, दंड तर मीच धरला होता.

मालविका: तुम्ही दोघींनी लपवलं काहीच नाही. माझी पट्टीसुद्धा तिथंच लावतात, मावशी, कोपर आणि खांद्याच्या मधोमध. मी येण्याआधीपासून तुम्ही माप घेतच होतात.

साखराबाई: काढ.

मालविका: काय?

साखराबाई: पट्टी काढ. चेन लावून बसलीस ती उघड आन काढ.

मालविका: शिल्पा, हात सैल सोड त्याचा. असा. झालं. बघा, त्याला कळलंसुद्धा नाही.

साखराबाई: हे लालच हाय ना? का मलाच लाल दिसून राहिलं?

मालविका: लाल आहे.

शिल्पा: आता?

मालविका: आता थांबायचं नाही, एवढंच. पाय दाबून बघितले, सूज नाही. थोडं का होईना, तोंडात घेतो आहे. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात अशा लेकरांसाठी वेगळी खोली असते. तिथं दर दोन तासांनी थोडं थोडं दूध देतात, त्याच्यासाठी मुद्दाम बनवलेलं. एकदम पोटभर नाही घालायचं. बरेच दिवस रिकामं राहिलेलं पोट एकदम भरलं तर सोसत नाही. भूक परत आली की मग जेवण. आणि त्याला परत अंगावर ओढायला शिकवतील. दोन आठवडे तरी राहावं लागेल.

साखराबाई: बरा होईल का, तेवढं सांग.

मालविका: अशी पुष्कळ लेकरं बरी होऊन आईच्या कडेवर घरी जाताना बघितलीत मी. याच्याबद्दल मी आज शब्द देत नाही. आज निघालो तर बरं, उद्यापेक्षा.

साखराबाई: खोटं बोलली न्हाईस, बरं झालं. मी बी येते.

मालविका: लेकराजवळ एकालाच राहता येतं, मावशी. आई पाहिजे, दुधासाठी.

साखराबाई: ही? नवरा हैदराबादला बांधकामावर. ही एकटी धर्माबादच्या बाजाराला कधी गेली न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात काय करणार ही? कुणी रागावलं तर रडत बसेल.

शिल्पा: परवा तुम्ही धुणं धुवायला गेलात तेव्हा मी ह्या बाईंच्या मापाच्या रांगेत उभी होते, आत्या.

साखराबाई: कोण, तू?

शिल्पा: माझ्या पुढं दोनच बाया राहिल्या होत्या. तुमचा आवाज आला आन मी मागं फिरले. आज न्हाई फिरत. मी नेते त्याला.

साखराबाई: ऐकलंस का, बाई? तीन हप्ते शाळेत राहिली तर सून बोलायला शिकली.

मालविका: कुणामुळं शिकली?

साखराबाई: बरं बरं. शिल्पा, माझी गोधडी घे, वाळलेली तीच एक हाय. आन बिस्किटं ठेव इथंच. उंदरांना घालते.

मालविका: जीप फाटकापाशी उभी आहे. मी दवाखान्यात आज राहते, उद्या दुपारपर्यंत पण आहे. डॉक्टरांशी याची गाठ घालून दिल्याशिवाय हलत नाही.

साखराबाई: वहीत काय लिहिलंस?

मालविका: आदिनाथ. अकरा महिने. आई शिल्पा, आजी साखराबाई. मग गाव. आकडा सगळ्यात खाली.

साखराबाई: खालीच राहू दे त्याला. कागद शिल्पाजवळ दे, मला नको.

शिल्पा: आत्या, मी रोज फोन करते. आज किती भरला, काय आकडा आला, नर्सबाईला विचारून सांगते.

साखराबाई: आकडा नको सांगू मला. दोरा रुतायला लागला की ती तिसरी गाठ सोड, आन मग फोन कर.