बाकाची पाठ

न्यू ऑर्लिन्सच्या कॅनाल स्ट्रीटवर ट्रामच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अर्लीन, चौसष्ट साली ही ट्राम बंद झाली, तेव्हा शेवटच्या गाडीत आपण दोघं होतो."

"या गावात जो भेटतो तो त्याच गाडीत होता. ट्राम होती की आगबोट?"

"कर थट्टा. कब्रस्तानापाशी, मार्गाच्या टोकाला सगळे उतरले, पण तू काही उतरेनास. मग परतीच्या दिशेला तोंड व्हावं म्हणून मी बाकाची सरकती पाठ उलटवली आणि आपण तसेच नदीपर्यंत परत आलो. तू पिवळा झगा घातला होतास."

"पिवळा झगा ओडीलचा, अल्सीड. माझ्या बहिणीचा."

"मग तू मागून घेतला असशील."

"मी गोवर निघून आईकडे बिछान्यात पडले होते!"

अल्सीडने खिशातली सुटी नाणी मोजायला घेतली.

"आणि तुझी ती गोड आठवण म्हणून, ही ट्राम परत आणा म्हणत मी दारोदार सह्या गोळा करत फिरले!"

"बघ, आलीच ट्राम."

"चढ. खिडकीशी बस. टोकाला बाकाची पाठ आज मी उलटवणार. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. हं, बोलायला लाग."