ड्रममधलं सीताफळ

(दिलसुखनगरजवळच्या एका मराठी चर्चचं आवार. कापणीच्या सणाची उपासना संपली आहे. लोकांनी देवाला अर्पण केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडल्या आहेत. त्यांचा लिलाव होणार आहे आणि पैसे मुलींच्या वसतिगृहाला जाणार आहेत.)

हिम्मतराव: बाकीचं ऱ्हाऊ दे, मालन. भोपळ्याच्या बाजूला जे सीताफळ ठेवलंय, ते कुठून आलं एवढंच सांग.

मालनबाई: आपल्या गच्चीवरून.

हिम्मतराव: गच्चीवर एकच होतं.

मालनबाई: हौ, तेच.

हिम्मतराव: पाच वर्षं झाली. गावाहून रोपटं मांडीवर घेऊन आलो बसमध्ये. ड्रममध्ये लावलं. माकडं यायलीत म्हणून त्या फळाला माझा बनियन बांधला.

मालनबाई: बनियन काढूनच आणलंय. देवापुढं बनियनसकट कसं ठेवू?

हिम्मतराव: परवापर्यंत पिकलं असतं ते. मी ऑफिसात अर्धी रजा टाकलीय.

मालनबाई: सीताफळ खायला रजा?

हिम्मतराव: पोटदुखीची म्हणून टाकलीय.

मालनबाई: बरं, मग देवाला तुम्ही काय देणार होता?

हिम्मतराव: कढीपत्ता. चांगली मोठी जुडी.

मालनबाई: मागच्या वर्षी पण कढीपत्ताच दिलात. कुणी बोली लावली नाही. शेवटी पाळकीणबाईंनी दया येऊन फुकट नेला. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

हिम्मतराव: पण मला विचारायचं तरी होतंस.

मालनबाई: विचारलं असतं तर दिलं असतं?

हिम्मतराव: नक्को... म्हणजे, नसतंच दिलं.

मालनबाई: म्हणूनच नाही विचारलं. जा आता, पुरुषांत जाऊन बसा. पाळकसाहेबांनी माईक घेतला.

पाळक: भोपळा गेला, अंडी गेली. आता हे सीताफळ. एकच आहे, पण हातात घेऊन बघा, कसं भरलंय. बोला, पन्नासपासून.

हिम्मतराव: शंभर.

पाळक: हिम्मतराव? अहो, हे तुमच्याच घरून आलंय ना?

हिम्मतराव: कुठूनही येऊ द्या. शंभर.

पाळक: बायकांकडून दीडशे. मागच्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेल्या ताई.

हिम्मतराव: पदर सगळ्यांनीच घेतलाय. दोनशे.

पाळक: ताईंचा हात पुन्हा वर. अडीचशे.

हिम्मतराव: कोण बाई आहे ही? एवढ्या पैशात कोठीच्या बाजारातून टोपलीभर आली असती तिला. तीनशे.

पाळक: साडेतीनशे. हिम्मतराव, आधी घाम पुसा.

हिम्मतराव: पाचशे. आणि त्या ताईंचा हात कुणीतरी धरून ठेवा.

पाळक: ताई, पुढं? ताई नुसत्याच हसतायत. जरा पदर बाजूला करा, ताई, चेहरा तरी दिसू दे. अरे देवा. मालनबाई, तुम्ही?

हिम्मतराव: तू? मी बोलतोय हे ऐकू येत नव्हतं?

मालनबाई: सगळं ऐकू येत होतं. तीस वर्षांत तुम्ही चर्चमध्ये इतक्या हौसेनं खिशात हात घातलेला पाहिला नव्हता. मग थांबवेचना मला.

पाळक: सगळा मांडव हसतोय, मलाही बोलवेना. पाचशे एकवार, दोनवार, तीनवार. घ्या, हिम्मतराव. आणि टाळ्या वाजवा सगळ्यांनी.

हिम्मतराव: टाळ्या कायकू वाजवायलेत?

मालनबाई: तुम्ही देवाला आपलं उत्तम ते दिलं म्हणून.

हिम्मतराव: मी कुठं दिलं? मी तर परत न्यायला आलो होतो.

मालनबाई: ते फक्त मला माहीत आहे. नमस्कार करा सगळ्यांना आणि चला घरी.

हिम्मतराव: थांब जरा.

मालनबाई: आता काय झालं?

हिम्मतराव: अजून वाजवायलेत. लाज वाटायली मला, मालन. पाळकसाहेब, हे परत टेबलावर ठेवा.

पाळक: पुन्हा लिलाव करू?

हिम्मतराव: लिलाव नक्को, नाहीतर मी पुन्हा बोली लावीन. वसतिगृहातल्या पोरींना द्या.

पाळक: पण एकदा दिलंत ना तुम्ही हे.

हिम्मतराव: मघाशी दिलं ते हिनं. मला न विचारता. माझं द्यायचं राहिलंय.

पाळक: नक्की ना? तोंडावरून तर जीवावर आलेलं दिसतंय.

हिम्मतराव: आलंच आहे जीवावर. म्हणून म्हणतो, लवकर घ्या.