पाहुणा उडवा!

पोलादपूरच्या नानांचं सांगितलं का तुम्हाला? नानांचा छापखाना. नवा कॉम्प्युटर घेतला, तर लग्नपत्रिका बनवायचा त्यांचा जुना प्रोग्रॅम त्यातल्या विंडोज एक्सपीवर चालेना. आणि नेमकी स्वतःच्या मुलीची पत्रिका छापायची होती. महाडात माझं कॉम्प्युटरचं दुकान, म्हणून मला बोलावलं. मी एक्सपीच्याच आत दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर बसवून दिला, जुन्या विंडोज अठ्ठ्याण्णवचा. म्हटलं, "नाना, बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. बिनधास्त वापरा."

आठवड्याभरात दुकानात फोन. "अरे, पाहुणा जागचा हलत नाय!"

"बंद करा त्याला."

"ऐकत नाय रे."

"मग सरळ उडवा! त्याची कॉपी हाय, दुसरा उभा करू."

नानांना फोनवरचं सगळं मोठ्यानं म्हणायची सवय. "पाहुण्याला सरळ उडवू? बरं. दुसरा उभा करू!"

थोड्या वेळानं मीच फोन करून ऐटीत विचारलं, "काय नाना, झालं ना काम?"

"झालं. तुझा पाहुणा चालू झाला," नाना म्हणाले, "पण पत्रिका बघायला तुडीलचे होणारे व्याही येऊन बसले होते, ते चालते झाले!"