अकराव्या मिनिटाची कबुली

(मँचेस्टर, १९६२. पोलीस-मालिकेचा भाग स्टुडिओतून थेट चालू आहे. आत्ता पडद्यावर आधी चित्रित केलेला गाड्यांचा पाठलाग दिसतोय. तेवढा वेळ स्टुडिओतले कॅमेरे बंद. हॅसलम इन्स्पेक्टर ड्रॅन्सफील्डच्या भूमिकेत, नॉर्मन संशयिताच्या; बेरिल दिग्दर्शकाच्या सूचना नटांपर्यंत पोचवते.)

बेरिल : दोन मिनिटं दहा सेकंद! पाठलाग संपला की पुन्हा तुम्ही दोघं पडद्यावर. आणि नॉर्मन, हे काय करून बसलास तू?

नॉर्मन : कळलंच नाही मला. तोंडातून निघून गेलं.

बेरिल : ‘गिरणीला आग मीच लावली’ हे शेवटच्या प्रसंगात म्हणायचं होतं, बाबा! आत्ता नुसतं ‘मी घरी होतो.’ अकराव्या मिनिटाला गुन्हा कबूल! आता उरलेला वेळ लोकांनी काय बघायचं? इन्स्पेक्टर ड्रॅन्सफील्ड पाइप ओढताना?

हॅसलम : पाइप मी बरा ओढतो, बेरिल.

बेरिल : तुम्हाला थट्टा सुचतेय, हॅसलम! वर कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शक काय काय बोलतायत, ते या हेडफोनातच राहिलेलं बरं.

नॉर्मन : ‘शुक्रवारी कुठे होतास?’ हा प्रश्न दोन्ही प्रसंगांत आहे, हॅसलमसाहेब. मी थेट शेवटात उडी मारली. पहिलंच काम माझं! घरी आई सगळ्या गल्लीला घेऊन टीव्हीपुढे बसलीय. मी जातो. सांगा, चक्कर आली म्हणून.

हॅसलम : जाशील कुठे? पाणी पी. बेरिल, खानावळवाली, मुकादम, सगळ्यांच्या जबान्या लिहिल्यात तशाच होऊ देत.

बेरिल : याने कबूल केल्यावर त्यांना कशाला विचारणार तुम्ही?

हॅसलम : कारण ड्रॅन्सफील्डचा या पोरावर विश्वास बसलेला नाही.

बेरिल : म्हणजे?

हॅसलम : ही भूमिका मिळाली तेव्हा महिनाभर एका चौकीत जाऊन बसायचो मी. तिथला म्हातारा सार्जंट, कुणी आल्या आल्या ‘मीच केलं’ म्हणाला की आधी चहा मागवायचा. म्हणायचा, ‘हा कुणाला तरी वाचवतोय.’

नॉर्मन : पण माझी पुढची सगळी वाक्यं नकाराची आहेत!

हॅसलम : विसर ती. आज तुला ते चांगलं जमतंय. मी काहीही विचारलं तरी तुझं एकच, ‘मीच केलं.’ बाकीचं मी सांभाळतो. शेवटच्या प्रसंगात पटेल मला.

बेरिल : वीस सेकंद! वर काय सांगू?

हॅसलम : सांग, ड्रॅन्सफील्डला शंका आली.

बेरिल : ...साहेब, हॅसलमना शंका आलीय. हो, याच्या कबुलीवर. ...म्हणतात, होऊन जाऊ दे! तीन वर्षं काम करतेय तुमच्याबरोबर, हॅसलम, पण आज तुम्हाला मानलं.

नॉर्मन : माझे पाय कापतायत.

हॅसलम : कापू देत. चौकीत आलेल्या माणसाचे कापतातच.

बेरिल : जागेवर! तीन... दोन... चालू!

हॅसलम : चहा घे.

नॉर्मन : नको. सांगितलं ना, आग मीच लावली.

हॅसलम : ऐकलं मी. पटलं नाही.

नॉर्मन : का... का नाही पटलं?

हॅसलम : मघापासून तू दाराकडे बघतोयस. उघडं आहे ते, पोरा. जायचं तर जा.

नॉर्मन : ...नाही जात.

हॅसलम : मग नीट बस. मला काही घाई नाही.