साहेब पाखरांचे

पाखरं पाहण्यात कसली आली भीती, असं तुम्हीच विचारलंत, म्हणून सांगतो. नवे जिल्हे पाडायचं चाललं होतं, त्या उन्हाळ्यात मी बेज्जूरकडे प्राणहिता नदीच्या वाळूत गेलो होतो. टेकाडामागच्या साचल्या पाण्याकाठी, वाळूतच अंडी घालणारी नदीसुरय पाखरं होती. दुर्बीण डोळ्याला लावतो, तोच चार-पाच जण धावत आले. पुढच्या म्हाताऱ्यानं ती माझ्या गळ्यातून काढूनच घेतली.

"मोजणी करून राह्यले ना? आमचं गाव त्या नव्या मंचेरियल जिल्ह्यात टाकता काय?"

"नाही हो काका, पाखरं पाहून राह्यलो."

"काऊन, तुमच्या गावात पाखरं नाहीत?"

सगळे हसले, पण दुर्बीण काही सुटेना. माझा जीव तिच्यातच अडकलेला. शेवटी म्हणालो, "तुमीच पाहा."

काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "पिल्लं हायेत बाप्पा!" मग माझ्याकडे वळले. "एवढ्या उन्हात फिरता, बायको काही म्हणत नाही?"

"दुर्बीण तिचीच आहे. ती मागल्या साली गेली."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या आणि दुर्बीण परत माझ्या गळ्यात घातली. माझ्या जिवात जीव आला. त्यांच्याही आला असावा, कारण मागं वळून ते ओरडले, "चला रे घरी! मोजणी नाही. साहेब पाखरांचे हायेत!"