जवानांची ब्लँकेटं माज्या माळ्यावर

मी उत्तनची. बाप कोळी, नवरा कोळी, आनि मी सुकी मासळी विकनारी, भाईंदरच्या बाजारात टोपली घेऊन बसते, बिल्डिंगवाल्यांशी हिंदी बोलते, पन भांडन लागलं का मंग आपली बोली, ती कशी बंद व्हनार सांगा. एकच पोर, विल्सन. दर्यात त्याचा जीव रमला न्हाय, फौजेत गेला. तर त्याला धाडला कुठं, पार डोंगरांच्या मुलखात, जितं एकाच राज्यातली मानसं एकमेकांवर बंदुका घेऊन उठलेली, आनि मदी हा उभा.

तितले फोन बंद पाडलेले, पंधरा दिवस त्याची खबर न्हाय. काय सांगू तुमाला, बाजारात बसले तरी फोन मांडीवर. अशात आमच्या फादरनी चर्चमदी मिस्सा, म्हंजे रविवारची प्रार्थना, झाल्यावर सांगितलं, तितल्या जवानांसाठी वर्गनी काढायची, ब्लँकेटं धाडायची. फादर आनि शेजारच्या मोरवा गावातल्या देवळाचे पुजारी जोडीनं दारोदार फिरले, झगा आनि धोतर एकाच रिक्षात, लोक हसायचे, पन न्हाय कोनी म्हटलं न्हाय. ब्लँकेटं आली, तर चर्चचा हॉल गळत व्हता. मी म्हटलं, ठेवा माज्या माळ्यावर. आठ दिवस ठेवली, मंग ट्रकनं धाडली. माळ्यावर माजे सुके बोंबील, जवळा. आमच्या नाकाला तो वास कळतच न्हाय ना हो! फादरबी उत्तनचेच, त्यांनाबी कळला न्हाय.

आनखी महिना गेला, विल्सनचा पत्ता न्हाय. एक दिवस फादर दारात. म्हनाले, मोनिकाबाय, तितल्या कॅम्पातल्या फादरनी शहरात येऊन फोन केला, ब्लँकेटं मिळाली, पन सगळी मासळीची घान मारतायत. मी मेले लाजेनं. पुजारीबुवांना आता काय तोंड दाखवू? फादर म्हनाले, अगो थांब, ऐक तरी. तितं इस्पितळात एक जवान हाय, पायाला गोळी लागलेला, बाकीचे नाक दाबतायत आनि ह्यो ब्लँकेट तोंडावर घेऊन रडतोय, सोडत न्हाय, म्हनतो माज्या घरचा वास हाय. नाव विचारलं तर विल्सन.

मी उंबऱ्यातच बसले. रडले का हसले, न्हाय सांगता येनार. फादर म्हनाले पाय बरा व्हईल. मी म्हटलं पायाचं ऱ्हाऊ द्या, जिता हाय ना, परत सांगा. चार वेळा सांगाय लावलं त्यांना. फौजेचं पत्र मंग मागनं आलं.

आता थोडा लंगडतो, बदली पुन्याला झाली. सुट्टीला येतो, जेवतो, दुपारी ढाराढूर झोपतो. मी निवांत. पन तितं अजून चाललंय म्हनतात. रोज मिस्साला त्या दोनी बाजूंच्या आयांसाठी मागते, बायांनो, तुमच्याबी दारात कुनीतरी येवो, आनि म्हनो, जिता हाय.